माणसं किती साधी, किती समाधानी!

माझी भाची सध्या बीजिंगमध्ये चिनी भाषा शिकतेय. गेल्या आठवड्यात तिने मला फोटो पाठवले. ती ज्या कुटुंबाकडे अधूनमधून जेवायला जाते, ते तिला एक दिवस खेड्यात घेऊन गेले होते. दारावर लाल कंदील, भिंतीला टांगलेली मक्याची कणसं, पर्सिमॉनने लगडलेलं झाड, आणि चुलीपाशी बसलेली सुरकुतलेल्या चेहऱ्याची, हसरी बाई. खाली लिहिलं होतं, "मावशी, इथली खेड्यातली माणसं किती साधी आहेत गं! हातात काही नाही, पण किती समाधानी! आपणच उगाच धावत असतो."

वाचलं आणि कानशिलं तापली. तिच्यावर नाही, स्वतःवर. कारण हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी २००७ साली लिहिलं होतं. इतकंच नाही, तर एका छोट्या अंकात ते छापूनही आलं होतं. घरच्यांनी कौतुक केलं. एक काका तर म्हणाले, "डोळ्यांत पाणी आलं." आज त्या लेखाची आठवण झाली तरी मान खाली जाते. म्हणून हे लिहितेय. उशीर झालाय, पण भाचीच्या निमित्ताने का होईना, एकदा सांगून टाकते.

तर तेव्हा झालं असं. मी बीजिंगमध्ये दुसऱ्या वर्षाची चिनी शिकत होते. आमच्या विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांना एकेक यजमान कुटुंब जोडून दिलं होतं. माझं कुटुंब फार चांगलं होतं, हे आधीच सांगते. नवरा-बायको दोघं नोकरीवाले, दहावीतला मुलगा आणि नवी कोरी गाडी. त्या घरातल्या बाईंना मी 'आयी' म्हणायचे. चिनी भाषेत आयी म्हणजे मावशी, पण मराठी कानाला ते 'आई'च ऐकू येतं. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा घशात काहीतरी अडकलं होतं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी त्यांनी मला खेडं दाखवायला नेलं. बरोबर आयींचे थोरले भाऊ, म्हणजे मुलाचे मामा. बीजिंगच्या उत्तरेला ह्वायरौ भागात डोंगर सुरू होतात, मुतियानयूची भिंत त्याच बाजूला आहे. तिथल्या एका घरी आम्ही दिवसभर होतो. झाडाखालचे चेस्टनट वेचले, अक्रोड फोडून बोटं काळी करून घेतली, 'कांग'वर, म्हणजे खालून विस्तवाने तापवतात त्या विटांच्या ओट्यावर, मांडी घालून बसलो. टाकीतला ट्राउट मासा बोट दाखवून निवडायचा, तो वजन करून भाजून येतो. गावरान कोंबडी आली, रानभाजी आली, कढईच्या कडेला थापून भाजलेल्या मक्याच्या भाकऱ्या आल्या. मी खुळ्यासारखी फोटो काढत सुटले होते. यजमान काकांनी ताओ युआनमिंग या जुन्या कवीची ओळ म्हणून दाखवली. नोकरी सोडून शेतावर परतलेला, शांत जगलेला हा कवी. (तोच कवी भुकेपायी दुसऱ्याच्या दारात उभं राहिल्याचंही लिहून गेलाय, हे मला फार नंतर कळलं. सहलीत ती कविता कोणी म्हणत नाही.)

आयी म्हणाल्या, "बघ, ही माणसं किती साधी! आमच्यासारखी कटकट नाही यांना." मी मान डोलावली. रात्री खोलीवर येऊन लेख लिहायला घेतला.

त्या लेखात काय नव्हतं, ते आता सांगते.

मामांनी मक्याची भाकरी खाल्ली नाही. मी आग्रह केला तेव्हा शांतपणे म्हणाले, "माझी जन्मभराची खाऊन झाली आहे." १९६८ च्या डिसेंबरात माओने शहरी तरुणांनी खेड्यात जाऊन शेतकऱ्यांकडून शिकावं असं फर्मान काढलं. पुढच्या दहाएक वर्षांत दीड कोटीहून जास्त तरुण खेड्यांत धाडले गेले. मामा त्यातले एक. सतराव्या वर्षी उत्तर शान्शीत गेले, नऊ वर्षांनी परत आले. मला त्यांनी विचारलं होतं, "भारतातली? के दिहुआच्या देशातली?" के दिहुआ म्हणजे आपले सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये गेले, हबेच्या खेड्यांत सैनिकांवर आणि गावकऱ्यांवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. मी अभिमानाने "हो" म्हटलं. मामा म्हणाले, "ते राहिले. आपण जेवायला आलोय." यात टोमणा नव्हता. पण लेखात मी कोटणीसांबद्दलचं कौतुक घातलं आणि पुढचं वाक्य गाळलं.

मला ते कळायला हवं होतं. आमच्या आजीसमोर 'मिलो' म्हटलं तरी तिचं तोंड वाकडं व्हायचं. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली ती लाल ज्वारी. उद्या एखाद्या रिसॉर्टमध्ये "अस्सल दुष्काळी मिलो भाकरी" म्हणून कोणी ताटात वाढली, तर आजी काय म्हणाली असती? एकाची चव ती दुसऱ्याची शिक्षा असते. हे घरात बघूनही मी तिथे फोटो काढत होते.

दुसरी गाळलेली गोष्ट याहून मोठी. माझ्या लेखातली "चुलीपाशी बसलेली हसरी खेडूत स्त्री" त्या खेड्यातली नव्हतीच.

जेवणानंतर मी भांडी घासायला मदत करते म्हणून मागे गेले (खरं म्हणजे माझं चिनी बोलायला). तिलाही सगळे 'आयी'च म्हणत होते. गंमत बघा, चिनी भाषेत मावशीला जो शब्द, तोच घरकामाच्या बाईला. आपल्याकडेही 'स्वयंपाकाच्या मावशी' असतातच की. मी विचारलं, "तुमचं हे गाव किती सुंदर आहे!" ती हसली. म्हणाली, "माझं कुठलं? मी हेनानची." घराच्या मालकांनी तिला स्वयंपाकाला ठेवलं होतं. मालकांकडे बीजिंगचा परवाना, जमीन, घर, मासे. तिच्याकडे एक छोटा मोबाईल, त्यावर एका मुलीचा फोटो. मुलगी नऊ वर्षांची, हेनानमध्ये आजीजवळ. आई-मुलीची भेट वर्षातून एकदा, चिनी नववर्षाला, तीही रेल्वेचं तिकीट मिळालं तर. मी विचारलं, "तिला इथे का नाही आणत?" ती म्हणाली, "इथल्या शाळेला पाच कागद लागतात. माझ्याकडे दोन आहेत."

मी तेव्हा 'अरेरे' म्हटलं आणि बाहेर येऊन उरलेले अक्रोड फोडले.

आता माझ्या भांडणाचा मुद्दा. "माणसं साधी, समाधानी" हे वाक्य भाबडं नाही. ते काम करतं. समोर जे दिसतंय ते कोणी घडवलं, हा प्रश्न ते पुसून टाकतं. गरिबी म्हणजे स्वभाव होतो, आणि कायदा म्हणजे निसर्ग. डोंगर, झाड, म्हातारी, चूल, सगळं एकाच चित्रात, जणू सगळं आपोआप उगवलेलं.

चीनचं खेडं आपोआप तसं राहिलेलं नाही. ते तसं ठेवलं गेलं. १९५३ पासून शेतकऱ्याने धान्य सरकारला, सरकारच्या भावाने विकायचं असं ठरलं. १९५५ पासून शहरात धान्याच्या कुपनांची पद्धत आली. १९५८ च्या जानेवारीत 'हुकोउ'चा, म्हणजे कुटुंब-नोंदणीचा कायदा आला. प्रत्येक माणूस एक तर शेतकी नोंदणीचा किंवा बिगरशेतकी. शहरी नोंदणीवाल्याला धान्याचं कुपन, घर, दवाखाना, शाळा. शेतकी नोंदणीवाल्याने जमिनीवर राहायचं, शहरात जायला परवानगी काढायची. लगेच पाठोपाठ १९५९ ते ६१ चा दुष्काळ आला. कोट्यवधी माणसं मेली आणि त्यातली बहुतेक खेड्यातली होती, म्हणजे जे धान्य पिकवत होते तेच. १९९८ पर्यंत मुलाला आईची नोंदणी लागायची. आई शेतकी, तर बाप शहरी असला तरी मूल शेतकी. म्हणजे हा शिक्का जन्माने मिळत होता. जन्माने मिळणारे शिक्के काय असतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पुढे कारखाने आले, माणसं हवी झाली, तेव्हा खेड्यातल्यांना शहरात येऊ दिलं. पण नोंदणी गावचीच. २००३ पर्यंत कागद जवळ नसलेल्याला पोलिस उचलून गावी परत पाठवू शकत होते. त्या वर्षी मार्चमध्ये ग्वांगझोमध्ये सुन झिगांग नावाच्या सत्तावीस वर्षांच्या पदवीधर तरुणाला असंच पकडलं आणि कोठडीत मारहाणीत तो मेला. देशभर आरडाओरडा झाला, तेव्हा कुठे ती पद्धत रद्द झाली. मी त्या हसऱ्या आयींना भेटले ते त्यानंतर फक्त चार वर्षांनी.

आणि त्यांची मुलगी? २०१० च्या जनगणनेवरून २०१३ मध्ये आलेल्या अहवालात अशी, आई किंवा बाप किंवा दोघंही कामासाठी बाहेर असलेली, गावात मागे राहिलेली मुलं ६ कोटी १० लाख होती. २०१६ मध्ये सरकारने नवीन मोजणी जाहीर केली, ९० लाख! वा, म्हणजे पाच कोटी मुलांना आई-बाप परत मिळाले म्हणायचे. तसं नाही हो. व्याख्या बदलली. वयाची मर्यादा अठरावरून सोळावर आणली, आणि दोघंही पालक बाहेर असले किंवा एक बाहेर आणि दुसरा सांभाळायला असमर्थ असला, तरच मोजायचं ठरलं. घरी नुसती आई उरलेली मुलं एका ओळीने यादीतून गेली. त्याच सुमारास गावची शाळाही गेली होती. २००१ पासून छोट्या शाळा बंद करून मोठ्यांत मिसळायचं धोरण आलं, आणि २००० ते २०१० या काळात खेड्यांतल्या निम्म्याहून जास्त प्राथमिक शाळा बंद झाल्या. २०१२ मध्ये सरकारने स्वतःच हे आंधळं विलीनीकरण थांबवायला सांगितलं. तोवर एक पिढी वसतिगृहात किंवा डोंगर तुडवत मोठी झाली होती.

या सगळ्याला मी 'समाधान' म्हटलं होतं.

मी हे सगळं भाचीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तू ना प्रत्येक गोष्टीत खुसपट काढतेस. आता तसं राहिलंय का? आणि आपण गेलो, जेवलो, तर त्यांना चार पैसे मिळतातच ना?"

बरोबर आहे तिचं, आणि त्याचं उत्तर द्यायला हवं. मिळतात. या खेडे-सहलींना चीनमध्ये 'नोंगज्याले' म्हणतात, म्हणजे शेतकऱ्याच्या घरचा आनंद. १९८० च्या दशकात चेंगदूजवळच्या एका गावातून हे सुरू झालं असं मानतात, आणि त्यातून कित्येक कुटुंबं खरंच वर आली. आमचे ह्वायरौचे घरमालक तर माझ्या यजमानांपेक्षा श्रीमंत असतील. शेतीवरचा कर २००६ पासून गेला, जो शतकानुशतकं चालत आला होता. २०२१ मध्ये सरकारने आत्यंतिक गरिबी संपल्याचं जाहीर केलं. त्या मोजपट्टीवर वाद घाला, पण रस्ते, वीज, पोटभर अन्न आलं हे खोटं नाही. मी हे नाकारत नाही. सहलीला जाऊ नका असंही म्हणत नाही. जा, जेवा, पैसे द्या, घासाघीस करू नका.

पण "आता तसं राहिलं नाही" हे मात्र अर्धंच खरं. शेतकी-बिगरशेतकी हा शिक्का काढून टाकायचं २०१४ मध्ये ठरलं, पण मोठ्या शहरांची दारं तशीच राहिली. बीजिंगने २०१८ पासून गुण मोजून नोंदणी द्यायला सुरुवात केली. वर्षाला साधारण सहा हजार माणसांना, दोन कोटींहून जास्त वस्तीच्या शहरात! २०१७ च्या नोव्हेंबरात बीजिंगच्या दाशिंग भागात आग लागून एकोणीस जण मेले, त्यांत मुलंही होती. उपाय काय? आसपासच्या वस्त्यांतल्या बाहेरगावच्या कामगारांना कडाक्याच्या थंडीत, थोड्याशा मुदतीवर घराबाहेर काढलं. आणि गावातल्या म्हातारीचं सांगायचं तर २००९ मध्ये खेड्यांसाठी पेन्शन सुरू झाली तेव्हा केंद्राने ठरवलेली किमान रक्कम महिना ५५ युआन होती. २०२४ मध्ये ती १२३ झाली. शहरातल्या निवृत्त नोकरदाराला काही हजार युआन मिळतात. एकाच देशातली दोन म्हातारपणं. त्यातलं १२३ युआनवालं आपल्याला साधं वाटतं. साधंच असणार!

तुम्ही म्हणाल, पण ती बाई हसत होती ना? हो, हसत होती. हसणं हे तिचं काम होतं. गिऱ्हाईक आलं की आपल्याकडचा वेटरही हसतो, त्यावरून आपण त्याच्या घरचं समाधान मोजत नाही. खेड्यातल्या माणसाच्या बाबतीतच आपण इतके का फसतो? कारण आपल्याला फसायचं असतं. आपल्या धावपळीला एक गोड औषध हवं असतं, आणि ते दुसऱ्याच्या चुलीवर उकळून मिळतं.

आणि हे चिनी लोकांनीच सांगितलेलं आहे, मी परदेशी बाई काही नवीन शोध लावत नाहीये. २००० साली हुबेतल्या एका तालुकावजा भागाचे पक्षसचिव ली चांगपिंग यांनी थेट पंतप्रधान झू रोंगजींना पत्र लिहून शेतकऱ्यांचे हाल कळवले. चेन क्वेइदी आणि वू चुनताओ या नवरा-बायकोने आन्ह्वेच्या खेड्यांत फिरून शेतकऱ्यांवरच्या करांचं आणि छळाचं पुस्तक लिहिलं. ते २००४ मध्ये तुफान खपलं, आणि लगेच त्याची विक्री बंद पाडली गेली. मी बीजिंगमध्ये होते तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. मला ते वाचता आलं असतं. मी मक्याच्या कणसांचं वर्णन करत बसले.

आता आपल्याकडे बोट वळवते, नाहीतर "चीनच्या नावाने खडे फोडणं सोपं आहे" असं कोणीतरी म्हणेलच. आपल्याकडे कायद्याने खेडुताला शहराबाहेर ठेवलेलं नाही, हा फरक मोठा आहे, आणि तो मी मानते. पण थंडीत आपण हुरडा खायला जातो. शेकोटी, गूळ, शेंगदाण्याची चटणी, बैलगाडीची फेरी. त्याच दिवसांत बीडची कुटुंबं कोयता घेऊन उसाच्या फडावर गेलेली असतात. कुणाची मुलं बरोबर, पाचटाच्या कोपीत. कुणाची मागे, आजीजवळ. हुरड्याच्या शेतावरून परतताना गाडीत आपण काय म्हणतो? तेच. माणसं किती साधी.

भाचीला मी एवढंच म्हटलं, "फोटो ठेव, छान आलेत. खालची ओळ काढ. आणि पुढच्या वेळी गेलीस तर त्या बाईला विचार, गाव कोणतं, मुलं कुठे आहेत, आणि म्हातारपणी पैसे कोण देणार. उत्तर आलं तर ते लिही. नाही आलं तर काहीच लिहू नकोस." ती जरा रागावलीच. मग दोन दिवसांनी निरोप आला, "मावशी, ती बाई गान्सूची आहे." पुढे काही नाही. मीही काही विचारलं नाही.

एक गोष्ट राहिली. ती मी अजून कोणालाच सांगितलेली नाही, भाचीलाही नाही. त्या दिवशी मी हात पुसून बाहेर निघाले, तेव्हा हेनानच्या आयींनी मला थांबवून विचारलं होतं, "तुमच्या देशात काय असतं? कामाला गेलेल्या आईजवळ मूल राहू शकतं?"

मी बावीस वर्षांची होते. परक्या देशात आपल्या देशाची मान उंच ठेवायची हौस होती. मी क्षणभरही न थांबता म्हटलं, "हो, राहतं."

त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "मग छान आहे."